लाख, किरमिज आणि बांधावरचा निवडुंग

रेशमी आणि लोकरी सूत घरीच रंगवून हातमागावर शाली विणणाऱ्या एका ताईंनी एका दमात तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांनी बाजारातून लाख आणली, रंग लवकर सुटावा म्हणून धुण्याचा सोडा घालून ती उकळली, त्यात रेशमाच्या लडी सोडल्या आणि लाली खुलावी म्हणून शेवटी चिंचेचे पाणी घातले; लडी तपकिरी झाल्या, हाताला चिकटू लागल्या आणि वाळल्यावर काडीसारख्या ताठ झाल्या. मग त्यांनी महागाचे कोचिनील (निवडुंगावर जगणाऱ्या एका परदेशी किड्याचा लाल रंग) मागवून लोकर रंगवली, तर ती लाल होण्याऐवजी जांभळट निघाली. आता त्यांच्या शेताच्या बांधावरच्या फड्या निवडुंगावर पांढरा कापूस धरला आहे, तो चिमटीत चिरडला की बोटे लालभडक होतात, आणि त्या विचारतात की हाच किडा वापरून कोचिनीलचा खर्च वाचवता येईल का.

मी गेली तीसेक वर्षे रेशीम आणि लोकर झाडपाल्याच्या व किड्यांच्या रंगांत रंगवीत आलो आहे, आणि ताईंच्या पहिल्या दोन्ही फजित्या माझ्याही वाट्याला आलेल्या आहेत. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

लाखेपासून सुरुवात करू, कारण खरी मेख तिथे आहे. लाख म्हणजे एका किड्याने स्वतःभोवती बांधलेले राळेचे घर होय. लाल रंग त्या घराच्या भिंतीत नसतो, आत कोंडून बसलेल्या मादीच्या अंगात असतो. या किड्याचे शास्त्रीय नाव केरिया लाका. पळस, बोर आणि कुसुम (आपल्याकडे ज्याला कोशिंब म्हणतात तो) ही त्याची मुख्य झाडे. कोवळ्या फांदीवर बसून तो रस शोषतो, राळ सोडतो, आणि शेजारी शेजारी बसलेल्या हजारो किड्यांची राळ एकमेकींत मिसळून फांदीवर खडबडीत कवच तयार होते. अशा काडीवरच्या कच्च्या लाखेत राळ साधारण ६५ ते ७० टक्के असते, काही टक्के मेण असते, आणि पाण्यात उतरणारा लाल रंग मात्र जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे आपण शंभर ग्रॅम लाख घेतो तेव्हा एक ग्रॅम रंगासाठी सत्तर ग्रॅम चिकाशी गाठ घालत असतो. लाखेने रंगवण्याचे सारे कसब, चिकाला जाग न आणता रंग काढून घेण्यात आहे.

आता ताईंनी कोणती लाख आणली, हे त्यांनी लिहिलेले नाही. पण 'बाजारातून' असा शब्द वाचला की मला शंका येते. पॉलिशच्या सामानाच्या दुकानात मिळते ती चपडी लाख. ती तयार करताना काडीवरून खरवडलेली लाख कुटतात, पाण्यात रगडून रगडून धुतात, आणि उरलेले दाणे वितळवून पातळ पापुद्रे ओढतात. ज्या पाण्यात ती धुतली जाते त्याच पाण्यातून आपल्याला हवा असलेला रंग निघून जातो. चपडीला जो नारिंगी-पिवळा रंग दिसतो तो राळेत मुरलेला वेगळा रंग आहे, तो पाण्यात विरघळत नाही आणि सुतावर चढत नाही. तेव्हा चपडी किंवा धुतलेली दाणेदार लाख कितीही उकळली तरी लाली मिळणार नाही. काडीवरची, न धुतलेली लाख मागून घ्यावी. तुकडा मोडून पाहावा. आत गडद लाल, किंचित ओलसर ठिपके दिसले पाहिजेत.

इथे आणखी एक बारकावा आहे, जो दुकानदाराला सहसा ठाऊक नसतो, पण लाख काढणाऱ्याला नक्की ठाऊक असतो. पिले बाहेर पडण्याआधीच कापलेल्या लाखेला 'अरी' म्हणतात, आणि पिले निघून गेल्यावर उरलेल्या पोकळ लाखेला 'फुंकी' म्हणतात. अरीत मादी आतच असते, त्यामुळे रंग भरपूर; फुंकीत घर उरलेले असते आणि घरधनीण आटून गेलेली असते, त्यामुळे रंग कमी. राळ विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला पक्व पिकाची लाख अधिक पसंत असते, म्हणजे त्याची पसंती आणि रंगाऱ्याची पसंती उलट दिशेच्या आहेत. पळसावरच्या रंगीनी जातीची अरी लाख एप्रिल-मे महिन्यांत कापली जाते. मी माझी वर्षाची बेगमी त्याच सुमारास करतो. कुसुमावरची कुसुमी लाख भावाने वरचढ असते, पण ती तिच्या फिक्या, स्वच्छ राळेमुळे. रंगासाठी तिच्यामागे लागण्याचे कारण नाही. आपल्याकडे गोंदिया आणि गडचिरोलीच्या पट्ट्यात लाखेचे पीक घेतले जाते, पण देशातला मोठा वाटा झारखंड आणि छत्तीसगडचा आहे. लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे निघाली, तीही त्यामुळेच.

आता ताईंच्या पातेल्यात काय घडले ते पाहू. लाखेची राळ ६५-७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि त्याहून थोडी अधिक उष्णता मिळाली की वितळते. उकळत्या पाण्यात ती भांड्याच्या तळाशी आणि कडांना धरते, दाण्यांची एकच लगदी बनते, आणि त्या लगदीच्या पोटात अडकलेला रंग बाहेर यायला वाटच उरत नाही. हे झाले नुसत्या उकळण्याचे. सोड्याने त्यावर कडी केली. ही राळ आम्लधर्मी असते, त्यामुळे सोड्याच्या गरम पाण्यात ती विरघळते. पाणी दाट, गडद जांभळे झाले तेव्हा ताईंना रंग उत्तम उतरला असे वाटले असणार, पण त्या पाण्यात रंगाबरोबर राळही उतरलेली होती. नंतर चिंचेचे पाणी पडताच द्रावण आम्ल झाले आणि विरघळलेली राळ दूध फाटावे तशी फाटून बाहेर आली. तिला बसायला सर्वांत जवळची जागा म्हणजे रेशमाचा धागा. लडी ताठ का झाल्या, याचे उत्तर एवढेच की त्यांना पॉलिश झाले. माझ्या पहिल्या वर्षी मी असेच एक तांब्याचे पातेले घालवले. त्याच्या तळाची लाख छिन्नीनेही निघाली नाही, आणि आता त्यात तुळस लावली आहे.

गंमत अशी की दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या रंगाऱ्यांचीही हीच अडचण झाली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारात बंगालकडून लाखेच्या रंगाच्या वड्या विलायतेला जाऊ लागल्या. लाखेचा अर्क क्षाराच्या पाण्यात काढायचा, त्यात तुरटी घालून गाळ बसवायचा आणि तो वाळवून वड्या पाडायच्या, अशी ती रीत होती. त्या वड्यांत राळेचा अंश इतका असे की तिथल्या रंगाऱ्यांना रंग सोडवण्यासाठी तीव्र आम्ल आणि कथलाचे क्षार वापरावे लागत. तरीही कोचिनीलपेक्षा स्वस्त म्हणून लोकरी कापडासाठी हा रंग खपत राहिला. पुढे १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला कृत्रिम रंग काढला, मंजिष्ठेतले रंगद्रव्यही १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले, आणि काही दशकांतच लाखेच्या रंगाला गिऱ्हाईक उरले नाही. राळेला मात्र मागणी वाढत गेली. तेव्हापासून कारखान्यात लाल पाणी हा टाकाऊ माल झाला. आपल्या भाषेतही लाखेची राळच शिल्लक राहिली आहे: लाख लावून बंद केलेले पत्र म्हणून लाखोटा, लाखेच्या बांगड्या, आणि पांडवांना जाळण्यासाठी बांधलेले लाक्षागृह. रंगाची आठवण सांगणारा अळिता (पायांना लावायचा लाल रंग) हा एकच शब्द लोकांच्या तोंडी आहे, आणि आज बाटलीत मिळणारा अळिता कृत्रिम रंगाचा असतो.

कृती सांगतो. शंभर ग्रॅम डिंक काढलेल्या रेशमासाठी बारा ग्रॅम तुरटी घ्यावी, कोमट पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि त्यात लडी रात्रभर बुडवून ठेवाव्यात. रेशमाला तुरटी पाजताना उकळू नये, त्याची झळाळी जाते. लोकरीला तिच्या वजनाच्या पंधरा टक्के तुरटी आणि पाच-सहा टक्के टार्टर (द्राक्षांपासून मिळणारी आंबट पूड) लागते, आणि ते पाणी तासभर गरम ठेवावे लागते. अरी लाख शंभर ते दीडशे ग्रॅम घ्यावी, काड्या निवडून टाकाव्यात आणि मोहरीएवढी भरड कुटावी. पीठ केल्यास गाळताना ते फडक्यातून सुटते. ही भरड जाड मलमलीच्या पुरचुंडीत बांधून दीड-दोन लिटर कोमट पाण्यात टाकावी. पाणी हाताला सोसेल इतकेच गरम, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस अंशांचे असावे. दोन तासांनी पुरचुंडी पाण्यातच चोळून पिळावी, पाणी काढून घ्यावे आणि नवे घालावे. असे तीनदा केले की बहुतेक रंग हाती येतो. सोडा घालायचा नाही. जुन्या कृतींत साजीखार येतो हे खरे, पण ते हात किती चिमूट आणि किती ऊब हे पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले होते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

तिन्ही वेळचे पाणी एकत्र करून रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी वरचे निवळ दुपदरी फडक्यातून गाळावे. मग त्यात गाळलेले चिंचेचे पाणी थोडे थोडे घालावे. रंग काळपट मद्यासारखा असतो तो पाहता पाहता डाळिंबाच्या दाण्यासारखा होतो, आणि तिथे थांबावे. अधिक आम्ल घातले तर लाखेचे रंगद्रव्यच पाण्यातून सुटून तळाला लाल चिखल बसतो आणि लडीला काहीच मिळत नाही. सामूदर्शक कागद असेल तर चारच्या आसपासचा आकडा पाहावा. या टप्प्यावर पाण्यात गुलाबी साका दिसला तर राळ आली आहे असे समजून ते पुन्हा गाळावे. लडी टाकण्यापूर्वी चूक दुरुस्त करण्याची ही शेवटची संधी असते. नंतर ओल्या लडी कोमट पाण्यात सोडून पाऊण तासात हळूहळू ७५-८० अंशांपर्यंत न्याव्यात, तासभर तिथे ठेवाव्यात आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्याव्यात. राळ आधीच गाळून टाकलेली असल्यामुळे आता उष्णतेची भीती नाही. उरलेल्या पाण्यात दुसरी लडी टाकली तर फिकट गुलाबी निघते, आणि ती छटा मला पहिलीपेक्षाही आवडते. जुने रंगारी लाखेबरोबर लोध्र वापरत, त्याचे कारण त्या झाडात अॅल्युमिनियमचा साठा असतो. म्हणजे ती झाडातून आलेली तुरटीच म्हणायची.

आता कोचिनील. हा किडा मेक्सिकोचा, विशेषतः ओआहाका प्रदेशाचा. डॅक्टिलोपियस कोकस हे त्याचे नाव, आणि तो निवडुंगावर जगतो. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी अॅझ्टेक राजे तो खंडणीत घेत. स्पेनच्या ताब्यात तो गेल्यावर मेक्सिकोतून निघणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल त्याची किंमत होती. एका किलोत सुमारे दीड लाख वाळलेले किडे बसतात. ते दिसतात बियांसारखे, त्यामुळे युरोपात कित्येक पिढ्या हा दाणा की किडा, असा वाद चालला, आणि लेव्हेनहुक या डच संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तो मिटत गेला. उत्तरेकडच्या रंगाऱ्यांच्या तोंडी तर याचे नावच किरमदाणा, म्हणजे किड्याचा दाणा, असे दोन्ही पक्षांना सांभाळून घेणारे आहे. लाखेबाबतही घोटाळा होताच: गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचे औषधी द्रव्यांवरचे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले, त्यात लाख मुंग्या तयार करतात असे म्हटले आहे. किड्याचे नीट वर्णन पाटण्याच्या बाजूस राहिलेल्या जेम्स केर याने १७८१ मध्ये केले, आणि केरिया हे नाव त्याच्यावरूनच आले.

'किरमिजी' हा आपला शब्द मात्र मेक्सिकोच्या किड्याहून कितीतरी जुना आहे. तो अरबी-फारसी 'किर्मिझ'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी किड्याचा वाचक शब्द आहे. संस्कृतात लाखेला कृमिजा म्हणतात हे इथे आठवावे. मूळचे किर्मिझ म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका ओक झाडावरचा किडा. पोप दुसऱ्या पॉलने १४६४ मध्ये कार्डिनलांच्या झग्यांसाठी त्याचा लाल रंग ठरवून दिला. अर्मेनियात गवताच्या मुळांशी आणि पोलंडमध्ये एका लहान रोपाच्या मुळांशी राहणारे आणखी दोन किडे होते. मेक्सिकोच्या किड्याने या तिघांनाही बाजारातून उठवले, कारण त्याच्या वाळलेल्या अंगात वीस टक्क्यांच्या आसपास रंगद्रव्य असते आणि राळ अजिबात नसते.

हे वीस टक्के लक्षात ठेवावेत. शंभर ग्रॅम लोकरीला गडद किरमिजी रंग देण्यासाठी पाच ते आठ ग्रॅम कोचिनील पुरते आणि गुलाबीसाठी दोन ग्रॅमही चालते. ताई ज्याला महाग म्हणतात ते तोलावर महाग आहे. रंगलेल्या किलोचा हिशेब मांडला तर लाखेशी फार अंतर राहत नाही, शिवाय इंधन आणि मेहनत वाचते. घ्यावे ते अखंड किडेच, पूड घेऊ नये. पुडीत काय मिसळले आहे ते डोळ्यांना कळत नाही. आज जगातला बहुतेक माल दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून येतो.

लोकर जांभळट होण्याची दोनच कारणे संभवतात, पाणी किंवा लोखंड. दख्खनच्या कातळातल्या बोअरचे पाणी जड असते. त्यातला चुना या रंगद्रव्याला धरतो आणि लालाला निळसर वळण देतो; पाणी जितके क्षारयुक्त तितके वळण अधिक. लोखंडी कढई, गंजलेली बादली किंवा लोह असलेले पाणी असेल तर रंग नुसता निळसर न होता करडा, मळकट जांभळा होतो. कोणते कारण आहे हे ओळखणे सोपे आहे. जांभळ्या लोकरीचा एक धागा वाटीभर पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून त्यात बुडवावा. पाच-दहा मिनिटांत तो लालाकडे वळला तर दोष पाण्याचा, आणि सगळी लोकर तशाच कोमट आम्ल पाण्यातून काढली तर पुष्कळसा रंग परत येईल. धागा ढिम्म हलला नाही तर लोखंड लागले आहे, आणि ती लोकर जांभळी म्हणूनच वापरावी. वाईट दिसत नाही. मी या दोन्ही रंगांसाठी पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेले पाणी पिंपात साठवून ठेवतो. माझ्या कामात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे कोणी विचारले तर मी त्या पिंपाकडे बोट दाखवीन.

ज्याला इंग्रजीत स्कार्लेट म्हणतात, तो शेंदराकडे झुकणारा झगझगीत लाल, कोचिनीलला कथलाचा क्षार दिल्यावर येतो. सतराव्या शतकाच्या आरंभी डच कारागीर कॉर्नेलिस ड्रेबेल याच्या नावावर हा शोध आहे, आणि आपल्याकडे जी विलायती तांबडी बनात येऊ लागली तिची लाली अशीच होती. मी स्वतः कथील वापरत नाही. ते हाताळायला धोक्याचे, सांडपाण्यात सोडायला वाईट, आणि प्रमाण जरा चुकले की लोकर ठिसूळ करते. टार्टर किंवा चिंच यांच्या मदतीने तुरटीवरच जेवढा उबदार लाल मिळतो तेवढ्यावर मी समाधान मानतो.

मग लाखेऐवजी कोचिनील किंवा कोचिनीलऐवजी लाख चालेल का? रसायन एकाच घराण्याचे आहे, दोन्ही अँथ्राक्विनोन वर्गातले, दोघांनाही तुरटी लागते, दोघेही आम्लात तांबूस आणि क्षारात जांभळे होतात. तरी रंग एक नाही. कोचिनीलची लाली थंड, गुलबक्षीकडे जाणारी. लाखेची लाली खोल, थोडी विटकरी छटा पोटात ठेवणारी. रेशमावर लाख मला अधिक शोभिवंत वाटते, पांढऱ्या लोकरीवर कोचिनील. मुघल काळातल्या भारतीय गालिच्यांच्या लाल लोकरीत लाख सापडते, आणि गालिचा भारतीय की इराणी हे ठरवताना अभ्यासक ही एक खूण म्हणून वापरतात. म्हणजे लाख लोकरीवर टिकत नाही, असे जे कधी कधी ऐकू येते, ते खरे नाही.

सुती धाग्याचा प्रश्न ताईंनी विचारलेला नाही, पण पुढे विचारतील म्हणून सांगून ठेवतो. हे दोन्ही रंग प्राणिज तंतूंचे सोबती आहेत. कापसाला आधी हिरड्याचे पाणी आणि मग तुरटी दिली तर रंग चढतो, पण फिका आणि धुण्यात उतरणारा. आपल्या सुती कापडाची जुनी लाली किड्यांची नव्हतीच. ती आल आणि मंजिष्ठा यांच्या मुळांची होती. हिशेबाच्या चोपड्या बांधायचा तांबडा खारवा (जाड सुती कापड) आलीच्याच रंगाचा.

आता बांधावरचा निवडुंग. त्यावरचा पांढरा कापूस म्हणजे मेणाचे तंतू, आणि त्याखाली बसलेला किडा कोचिनीलचाच सख्खा भाऊ आहे, पण तो कोचिनील नाही. या भावांची भारतातली कथा मोठी मजेची आहे. कोचिनीलवरची स्पेनची मक्तेदारी मोडण्याची सर्वांनाच घाई होती. १७७७ मध्ये तिएरी द मेनोंव्हिल या फ्रेंच माणसाने ओआहाकातून किडे लपवून नेले होते. कंपनीलाही तो किडा भारतात हवा होता, आणि मद्रासला त्यासाठी निवडुंगाची बागही लावली गेली होती. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन याने ब्राझीलहून किडे आणून कलकत्त्याला उतरवले. ते निघाले रानटी जातीचे, रंगाला कमी प्रतीचे. रंगाचा धंदा बुडाला, पण त्या किड्यांनी निवडुंगाची एक जात मात्र खाऊन फस्त केली, आणि आज तणाच्या जैविक नियंत्रणाच्या इतिहासात या अपघाताचे नाव पहिल्या उदाहरणांत घेतले जाते. जी काटेरी जात त्यांनी सोडली, तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरी जात, डॅक्टिलोपियस ओपंशिया, आणली गेली. ताईंच्या बांधावर आहे तो बहुधा हाच किडा.

त्याने रंगते का? रंगते. त्याच्या अंगातही तेच रंगद्रव्य आहे, पण बरेच कमी, आणि मेण भरपूर. मी दोनदा प्रयोग केला: खराट्याच्या काडीने किडे खरवडले, फडक्यात बांधून क्षणभर गरम पाण्यात बुडवले, उन्हात कडक वाळवले आणि चाळून मेणाचा भुसा उडवला. कोचिनीलच्या सहापट माल घेतल्यावर लोकरीवर बरा गुलाबी आला. एखाद्या शालीच्या काठापुरते सूत रंगवायला, किंवा मुलांना दाखवायला हे चांगले. वर्षभराच्या कामाचा आधार म्हणून नाही. काटे बोटांत गेले तर ते आठवडाभर बोलत राहतात, म्हणून चिमटा आणि जाड हातमोजे हवेत. आणि एक ताकीद: अधिक पीक मिळावे म्हणून हे किडे दुसऱ्या निवडुंगांवर सोडू नयेत. आता काही शेतकरी चाऱ्यासाठी बिनकाट्यांचा निवडुंग लावतात, आणि हा किडा त्याचा मोठा शत्रू आहे. मोरोक्कोत त्याने निवडुंगाच्या बागा उजाड केल्या आहेत.

रंगवलेल्या शाली धुताना सोड्याचा साबण लावू नये. एका गिऱ्हाइकाने माझी लाखेची शाल कपड्यांच्या पुडीत भिजवली आणि ती वांग्याच्या रंगाची होऊन परत आली. सौम्य आम्ल पाण्याने बरीच सावरली, पण काठ एकसारखे राहिले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक शालीबरोबर मी मूठभर रिठे देतो. सावलीत वाळवावे, हे तर सर्वच झाडपाल्याच्या रंगांना लागू आहे.

किडे मारून रंगवणे पटत नाही, असे सांगणारे गिऱ्हाईक येतेच. त्यांच्याशी वाद घालू नये आणि त्यांना फसवूही नये. कोचिनीलमध्ये किडे मारूनच वाळवतात, अरी लाखेतही मादी जिवंतपणी कापली जाते. फुंकी लाखेत मात्र पिले निघून गेलेली असतात आणि मादी आपले आयुष्य पुरे करून मेलेली असते. ज्यांना हा फरक महत्त्वाचा वाटतो त्यांच्यासाठी मी फुंकी दुप्पट-तिप्पट घेऊन रंगवतो, आणि छटा फिकी येईल हे आधी सांगतो. मंजिष्ठा त्याहून बिनहरकत. पण तिचा लाल नारिंगीकडे जातो, किरमिजीकडे नाही.

ताईंच्या बिघडलेल्या लडींचे काय करावे, हे शेवटी सांगतो. चिकटलेली राळ स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे एक लडी स्पिरिटमध्ये तासभर बुडवून, आगीपासून दूर आणि खिडकी उघडी ठेवून, हलक्या हाताने पिळून पाहावी. धागा मोकळा झाला तर बाकीच्या तशाच काढाव्यात आणि पुन्हा तुरटी पाजून नव्या रंगात घालाव्यात. पुढच्या वेळी आधी दहा ग्रॅमच्या लडीवर करून पाहावे. आणि रंग काढून घेतल्यावर पुरचुंडीत जी भरड उरते ती टाकू नये: ती धुतलेली दाणेदार लाखच असते. ताटात पातळ पसरून सावलीत वाळवावी, उन्हात ठेवली तर दाणे एकमेकांना धरून खडा होतो. बांगड्या करणारा कारागीर ती आनंदाने घेतो.